वेंडलब्रुनच्या वजनखुर्चीची जबानी

अध्यक्षमहाशय, तुम्ही एका माणसाच्या पुस्तकातली अकरा पानं चोरलीत. चोरलीत असंच म्हणते मी. 'गाळली', 'आटोपशीर केली' हे तुमच्या कचेरीतले शब्द, ते तुमच्याकडेच राहू देत. पानं चोरलीत, वर त्याचं नाव मात्र तसंच ठेवलंत, आणि त्यानं जे खोडलं होतं तेच त्याच्या नावानं जगभर वाटलंत. तुमचं नाव मी घेणार नाही. इथल्या एका रस्त्याला ते दिलेलं आहे, तेवढा मान पुष्कळ झाला.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी वजनखुर्ची आहे. वेंडलब्रुनच्या औषधी झऱ्याच्या मंडपामागे जी लांब ओसरी आहे, तिच्या टोकाला मी उभी असते. शाळेतली मुलं येतात, माझ्यावर बसून पाय हलवतात, पितळी दांडी खालीवर करतात. बसा खुशाल. माझा राग तुमच्यावर नाही.

व्हिएन्नातल्या एका तराजूवाल्यानं मला घडवलं. पाय बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे, बैठक चामड्याची, आत घोड्याचे केस भरलेले, खाली पाय ठेवायला लाकडी पाटी. उजव्या हाताशी पितळेची दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. माणूस बसला की वजन सरकवायचं, दांडी आडवी झाली की आकडा वाचायचा. काम संपलं तेव्हा त्या कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि बायकोला म्हणाला, "हिला खोटं बोलताच येणार नाही बघ. तशी सोयच नाही ठेवली हिच्यात." मला फार अभिमान वाटला. नव्या वस्तूला अभिमान लवकर चढतो.

अठराशे एकसष्ट सालच्या वसंतात मी बैलगाडीतून, गवतात गुंडाळून, वेंडलब्रुनला आले. मला मागवलं होतं डॉक्टर ओथमार वेनिश यांनी. वय एकतीस, अंगानं काटकुळे, डोंगरातल्या विणकराचे चिरंजीव. बोटं सतत शाईनं काळी. झऱ्यावरचे बाकीचे डॉक्टर पाहुण्यांच्या नाडीपेक्षा त्यांच्या पदव्यांकडे जास्त बघायचे. वेनिश रात्रंदिवस लिहायचे. कुठल्या झऱ्यात किती क्षार, बकरीच्या फाटलेल्या दुधाचं कोमट पाणी किती पेले प्यायचं, कुठल्या वाटेनं किती पावलं चालायचं, सगळं त्यांनी एका छोट्या पुस्तकात लिहून काढलं होतं. कोटाच्या खिशात मावेल एवढं पुस्तक. पण लोक विचारायचे, डॉक्टर, पुरावा काय? पुरावा म्हणून मी आले.

आता तुम्हाला आमची सकाळ सांगते. सहा वाजता बँड एक स्तोत्र वाजवायचा. स्तोत्र म्हटल्यावर सगळे पुरुष टोप्या काढून स्तब्ध उभे राहायचे, मग तो उमराव असो की खाटीक. स्तोत्र संपलं की रांग हलायची. हातात आपापला पेला, मनगटात पावाची कडी अडकवलेली, घोट घोट पीत फेऱ्या मारायच्या. शनिवारी मात्र रांग माझ्यापुढे लागायची.

वजन करायला होती वालबुर्गाबाई. बेकराची विधवा, दंड पाटासारखे, आवाज त्याहून रुंद.

"महाराज, श्वास रोखून वजन कमी होत नाही. सोडा तो, नाहीतर निळे पडाल."

"बाई, माझ्या बुटांचं वजन वजा करा ना!"

"बुटांचं करते. काल रात्रीच्या हंसाच्या तंगडीचं कसं करू?"

मागची रांग खदखदून हसायची. जाड्यांना वजन उतरायला हवं असायचं, ते हसण्यावारी न्यायचे. पण छातीचे रोगी हसायचे नाहीत. क्षयानं झिजलेली ती माणसं माझ्यावर बसायची तेव्हा चामडंसुद्धा दबायचं नाही. वजन वाढलं का, एवढंच त्यांच्या डोळ्यांत असायचं. अर्धा पौंड वाढला तरी बाया रडायच्या.

त्यांच्यासाठी झऱ्याचा कारभार बघणाऱ्या समितीनं, अध्यक्षमहाशय, तुमच्याच समितीनं, एक प्रथा काढली होती. छातीच्या रोग्यांत ज्याचं वजन आठवड्यात सर्वांत जास्त वाढेल, त्याच्या गळ्यात हार घालायचा. तिपतिया गवताच्या फुलांचा, निळ्या फितीत गुंफलेला. बँड एक धून वाजवायचा, लोक टाळ्या पिटायचे, आणि हार घातलेला माणूस माझ्यावर बसून लाजत हसायचा. त्याला आठवड्याचा राजा म्हणत, बाई असली तर राणी. ऐकायला गोड आहे ना? मलाही गोड वाटायचं.

आठ हंगामांत डॉक्टरांनी माझे आकडे मांडले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या शेवटी तो प्रसिद्ध तक्ता आला. छातीचे दोनशे चौदा रोगी. त्यांतल्या एकशे एकाहत्तर जणांचं वजन वाढलं. खाली डॉक्टरांचं एक वाक्य होतं: 'ज्याचं वजन वाढलं, तो बरा होऊ लागला.' हे वाक्य लोकांना पाठ झालं. रशियातून, हंगेरीतून माणसं ते पुस्तक खिशात घालून येऊ लागली. घराघरांत खोल्या वाढल्या, नव्या बागा झाल्या. डॉक्टरांचं पोटही थोडं सुटलं. आणि मित्रांनो, इथेच ते बिघडले. वाईट झाले असं नाही. त्यांनी माणसांकडे बघणं कमी केलं आणि माझ्याकडे जास्त बघू लागले.

एकोणसत्तरच्या जूनमध्ये रोझालिया हाम्पेल आली. चौतीस वर्षांची, ग्राउबेर्गची. तिकडे डोंगरातल्या मुलींना लेस विणायला शिकवायची. खोकला होता, जिना चढताना दम लागायचा. गावच्या वैद्यानं सांगितलं क्षय, तिनं मानलं. पहिल्या शनिवारी ती बसली तेव्हा दांडी सत्त्याण्णव पौंडांवर आडवी झाली.

पुढच्या आठवड्यात तीन पौंड वाढले. मग चार. मग सहा. एवढी वाढ मी कधी पाहिली नव्हती. दोनदा हार तिच्या गळ्यात पडला. पाहुण्या बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या.

"काय खातेस ग? सांग की आम्हाला!"

"काही नाही हो. भूकच नाही लागत."

"बघा! न खाता वाढते. पाण्याचा गुण!"

त्या हसल्या, तीही हसली. पण तिचे पाय माझ्या पाटीवर होते आणि मला कळत होतं. तिच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्या नव्हत्या. बूट पायात पुरते जातच नव्हते.

वालबुर्गाबाईलाही ते दिसलं. तिनं खाली वाकून, नाडी बांधते असं दाखवत, रोझालियाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. बाई उठली ती तडक डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. ते तिसऱ्या आवृत्तीची छापील पानं तपासत बसले होते.

"डॉक्टर, त्या लेसवालीच्या नडग्या बघा जरा. बोट दाबलं की खड्डा राहतोय. मी तीस वर्षं पीठ मळलंय, मला कळतं. त्यात पाणी जास्त झालंय."

"किती वाढले या वेळी?"

"सहा. पण मी काय म्हणते..."

"सहा! वालबुर्गाबाई, अहो हे माझं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. तक्त्यात पहिल्या ओळीत घालतो हिला."

"आधी पाय बघा तिचे."

"बसून राहते ना दिवसभर विणत. पाय जड होतात अशांचे."

आणि त्यांनी तिला खारट झऱ्याचे आणखी दोन पेले लिहून दिले.

सुजलेले पाय ओळखायला डॉक्टरला पहिल्या वर्षी शिकवतात. वेनिशना ते येत होतं. येऊनही त्यांनी पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर सुंदर उदाहरण गेलं असतं. ते माझे मालक होते, माझ्यावर त्यांचा जीव होता, तरी मी हे लपवणार नाही. आणि माझं काय? मी तर खरंच बोलत होते. प्रत्येक शनिवारी, अचूक, पाव पौंडाचाही फरक नाही. वाढलेलं वजन रक्तमांसाचं नाही, पाण्याचं आहे, हे सांगायला माझ्या दांडीवर जागाच नव्हती.

पाचव्या शनिवारी आणखी पाच पौंड. सत्त्याण्णवचे एकशे पंधरा झाले. तिसरा हार. बँडनं तिच्यासाठी धून दोनदा वाजवली. सोमवारी ती घोडागाडीत बसून घरी निघाली, हार मांडीवर घेऊन.

तीन आठवड्यांनी तिच्या भावाचं पत्र आलं. फेर्डिनांड हाम्पेल, कथलाच्या खाणीत काम करणारा माणूस. डॉक्टरांनी पत्र उभ्या उभ्या फोडलं आणि वाचता वाचता माझ्यावर बसले. मग वालबुर्गाबाईला म्हणाले, "तुम्ही वाचा. मोठ्यानं." ते असं होतं:

'आदरणीय डॉक्टरसाहेब, आमची रोझी दुसऱ्या ठाण्यावर, घोडे बदलताना गेली. झोपता येत नव्हतं, बसूनच गेली. पत्रांत तुमच्याबद्दल चांगलंच लिहायची. अठरा पौंड वाढल्याचं पत्र आलं तेव्हा आम्ही चर्चमध्ये आभार मानले होते. पेटी उचलायला सहा जण पुरेनात. फळ्यांतून पाणी गळत होतं. एवढंच विचारायचं होतं, हे पाणी झऱ्याचं होतं का? कारण माझ्या पुतणीलाही खोकला आहे, आणि तिला तुमच्याकडे पाठवावं की नाही ते ठरवायचं आहे.'

बाईनं पत्र घडी घालून त्यांच्या हातात दिलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"नुसतं 'हो' नका म्हणू. मी सांगितलं होतं आणि तुम्ही आकडा विचारलात."

"तिला क्षय नव्हताच, वालबुर्गाबाई. हृदय थकलं होतं तिचं. कान लावला असता तर कळलं असतं. मी तिला पाणी पाजलं. वर आणखी दोन पेले."

"मग आता काय करणार?"

त्यांनी पत्र खिशात ठेवलं. मला त्यांचं वजन ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते जास्त भरले असते असं वाटलं.

त्यांनी जे केलं ते इथल्या कुठल्याच डॉक्टरनं कधी केलं नव्हतं. जुनी वजनाची कार्डं काढली, पत्ते काढले, आणि तक्त्यातल्या त्या एकशे एकाहत्तर माणसांच्या घरी पत्रं लिहिली. एक एक, स्वतःच्या हातानं. प्रश्न एकच: आपण कसे आहात? इथल्या डॉक्टरांचा रोग्याशी संबंध हंगामापुरता. सप्टेंबरात गाड्या निघून जायच्या, कोण घरी पोचलं, कोण नाही, कुणी विचारायचं नाही. जाताना हसत गेला म्हणजे बरा होऊन गेला, हा इथला हिशेब होता.

हिवाळाभर उत्तरं येत राहिली. एकशे बावीस आली. एकोणचाळीस जण घरी गेल्यावर पुढच्या ईस्टरच्या आतच गेले होते. काहींना क्षयानं नेलं, ते कुणीच वाचवू शकलं नसतं. पण सतरा उत्तरांत घरच्यांनी जवळजवळ तेच शब्द लिहिले होते: फार सुजला होता, फार सुजली होती. आणि त्या सतरांतल्या नऊ जणांनी माझ्यावर बसून हार घातला होता.

डॉक्टरांनी तिसऱ्या आवृत्तीतून तक्ता काढला आणि त्या जागी अकरा पानं लिहिली. पहिलं वाक्य होतं, 'मी चुकलो, आणि माझ्या चुकीनं माणसं मेली.' दुसरं वाक्य होतं, 'वजन वाढलं की आधी पाय दाबून पाहा.' रोझालियाची हकीकत त्यात होती. सतरा जणांची होती. हस्तलिखित समितीकडे गेलं, कारण छपाई समिती करायची. आणि मार्चमध्ये, अध्यक्षमहाशय, तुम्ही स्वतः आलात. बर्फ वितळून चिखल झाला होता. तुम्ही बूट पुसले आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्यावर बसलात. तुमचं वजनही मला माहीत आहे.

"वेनिश, मित्रा, हे काय चालवलंयस?" तुम्ही म्हणालात. "पाहुणे पुस्तक वाचतात. असलं वाचून कोण येईल इथे?"

"ज्यांनी येऊ नये ते येणार नाहीत. बाकीचे येतील."

"बाकीचे! अरे, दीडशे घरं या पाण्यावर जगतात. तुझ्या त्या वालबुर्गाची भाकरीसुद्धा."

"माझं नाव नका घेऊ मधे," वालबुर्गाबाई दारातून म्हणाली. "माझी भाकरी मी मळते."

तुम्ही हसलात. मग आवाज खाली आणलात. "बरं, ऐक. छापायचंच असेल तर छापू. लॅटिनमध्ये छापू. डॉक्टरांना कळेल, तुझ्या मनाला शांती, पाहुणे घाबरायचे नाहीत. शेवटी, बारीक टाइपात. कसं?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "रोझालिया हाम्पेलला लॅटिन येत नव्हतं."

"ती मेली आता."

"तिची खोकणारी भाची जिवंत आहे. तिलाही येत नाही."

तुम्ही उठलात. "विचार कर," म्हणालात, आणि गेलात. डॉक्टरांना वाटलं, निभावलं. साधा माणूस होता. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटतं, आपण लिहिलं ते छापलं जाईल.

मे महिन्यात तिसरी आवृत्ती आली. हिरवी बांधणी, सोनेरी अक्षरं. त्यात अकरा पानं नव्हती. लॅटिनमध्येही नव्हती. तक्ता मात्र होता, आधीपेक्षा मोठा, आणि त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: कुमारी र. हा., लेस शिक्षिका, चार आठवड्यांत अठरा पौंड.

डॉक्टरांनी ती ओळ पाहिली आणि वालबुर्गाबाईकडे पुस्तक सरकवलं. बाई वाचून म्हणाली, "हरामखोर." 

हंगामाचा पहिला शनिवार. मंडपात चारशे माणसं. डॉक्टर हस्तलिखिताची स्वतःकडची प्रत घेऊन आले आणि माझ्या पाटीवर उभे राहिले, सगळ्यांना दिसावेत म्हणून. मी त्यांना तोलून धरलं. दांडीवरचं वजन किणकिण वाजत होतं. "बंधूंनो, भगिनींनो," ते म्हणाले, "माझ्या पुस्तकातला तक्ता खोटा नाही, पण..."

तुम्ही बँडमास्तरकडे बघून हात वर केलात. बँड सुरू झाला. स्तोत्र.

मित्रांनो, मी सांगितलं ना, स्तोत्र सुरू झालं की आमच्याकडे टोप्या काढून स्तब्ध उभं राहतात. चारशे माणसांनी टोप्या काढल्या. माना खाली घातल्या. कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही, तशी रीतच होती. डॉक्टर थांबले. विणकराच्या घरचे होते, देवाच्या गाण्यावर ओरडणं त्यांना जमेना. कडवं संपलं. त्यांनी तोंड उघडलं. दुसरं कडवं सुरू झालं. मग तिसरं. चौथं. त्या स्तोत्राला सात कडवी आहेत. सात संपल्यावर पुन्हा पहिलं. स्तोत्र पाचव्यांदा सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी कागद वर धरले आणि खरंच ओरडले, "पाय बघा! पाय दाबून बघा आपले!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी त्यांच्याकडे रागानं बघत तोंडावर बोट ठेवून 'श्श' म्हणाली. स्तोत्र चालू असताना ओरडणारा माणूस! तिच्या दृष्टीनं तोच अपराधी होता.

देवाचं गाणं तुम्ही एका माणसाच्या तोंडात बोळ्यासारखं कोंबलंत, अध्यक्षमहाशय. मी लाकडाची आहे, पण मला तेव्हा शरम वाटली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की वेनिश पितात, वेनिश भ्रमिष्ट झालेत, देवाला मानत नाहीत. महिन्यात त्यांचा झऱ्यावरचा परवाना काढून घेतला. जाताना ते माझ्याजवळ आले. मला वाटलं निरोप घेतील, माझ्या दांडीवरून हात फिरवतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वालबुर्गाबाईला म्हणाले, "तुम्ही इथेच राहा. मला बोलता येत नाही, तुम्हाला पाय दाबून बघता येतात."

पुढे डोंगरातल्या विणकरांत ते वैद्यकी करत राहिले. पुस्तक पुन्हा लिहिलं नाही. अठराशे शहात्तरमध्ये टायफसच्या साथीत रोग्यांपाठोपाठ गेले. तिसऱ्या आवृत्तीची चौथी झाली, पाचवी झाली, सगळ्यांवर त्यांचंच नाव.

वालबुर्गाबाई राहिली. तिनं काय केलं सांगते. रांगेतल्या प्रत्येकाला ती म्हणायची, "थांबा, नाडी सुटलीय बुटाची." सुटलेली नसायची. ती वाकायची, अंगठा दाबायची. खड्डा राहिला की उठून मोठ्यानं म्हणायची, "खुर्ची बिघडली हो आज!" आणि त्या माणसाला कानात सांगायची, "पाणी पिऊ नका. आजच घरी जा. शहरातल्या चांगल्या डॉक्टरला हृदय दाखवा." मी ठणठणीत होते. तरी माझ्या आयुष्यात मला 'बिघडली' म्हणवून घेताना जेवढा आनंद झाला, तेवढा कशानं झाला नाही. दोन हंगाम हे चाललं. मग एका बँकवाल्याच्या बायकोनं तक्रार केली की वजनबाई पाहुण्यांना हाकलते. तिला काढून टाकलं. नवा माणूस आणला. तो वाकायचा नाही. तो फक्त आकडा वाचायचा, आणि मी खराच आकडा द्यायचे.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी वजन करणारा, कुणी लिहिणारा. एवढंच करा, आकडा वाचून झाला की खाली वाका.

आणि आता तुम्ही, अध्यक्षमहाशय. वालबुर्गाबाई गेल्यानंतर अकरा हंगाम तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीवर होतात आणि मी या जागी. एका हंगामाचे तेरा शनिवार. म्हणजे एकशे त्रेचाळीस हार. प्रत्येक हार घालताना मी त्या माणसाच्या पायाखाली होते. ती माणसं गाडीत बसून गेली, हसत, मांडीवर फुलं घेऊन. वेनिशनी एकशे एकाहत्तर पत्रं लिहिली होती. तुमच्याकडे कारकून होते, छापखाना होता, सगळ्यांचे पत्ते होते. ते हार घातलेल्यांतले घरी किती पोचले? तुम्ही एकाला तरी पत्र लिहून विचारलंत? लिहिलं असेल तर दाखवा. नसेल लिहिलं, तर का नाही ते सांगा. इथेच, या मुलांसमोर, सरळ साध्या भाषेत.